आत्याचे वरचे बारा दात

निर्मला आत्या चौदा वर्षांनी भोपाळला आली, ती एक मोठी बॅग आणि एक निळी फाइल घेऊन. बॅग तिने विमानतळावरच भावाच्या हातात दिली, फाइल मात्र काखेतून सोडली नाही. गोपीनाथरावांना वाटलं, पासपोर्टचे कागद असतील.

अयोध्या नगरच्या घरी त्या संध्याकाळी जेवायला मंजूषाही आली होती. मंजूषा ही गोपीनाथरावांची एकुलती एक मुलगी. ती दातांची डॉक्टर होती आणि नेहरू नगरला तिचा नऊ वर्षांपासून दवाखाना होता. आत्या दादाच्या कारखान्यातल्या गोष्टी विचारत होती, निवृत्तीनंतर त्याचा वेळ कसा जातो ते विचारत होती, वहिनीच्या, म्हणजे सुचेताताईंच्या, आमटीचं कौतुक करत होती. पण हे सगळं ती तोंडावर डावा हात आडवा धरून करत होती. पोळी तिने आमटीत कुस्करली होती. घास डाव्या बाजूला ठेवून ती हळूहळू गिळत होती. पाहुण्याच्या जेवणाकडे बघू नये हे मंजूषाला कळत होतं, पण दिसायचं ते दिसलंच.

"आत्या, उजव्या बाजूला दुखतंय का?"

"दुखत नाही. सवय झालीय."

ताटं उचलल्यावर आत्याने फाइल उघडली. "दादा, आल्या आल्या सांगून टाकते. मंगळवारी इथे मिसरोदच्या दातांच्या क्लिनिकमध्ये माझी अपॉइंटमेंट आहे. वरचे बारा दात उरलेत, ते सगळे काढायचे आणि नवीन बसवायचे. दहा दिवसांत होतं म्हणतात. अॅडव्हान्स भरलाय."

सुचेताताईंनी मुलीकडे पाहिलं. गोपीनाथराव म्हणाले, "अगं निर्मल, घरात डॉक्टर असताना तू मिसरोदला कशाला जातेस?"

"घरातली आहे म्हणूनच," आत्या म्हणाली.

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. ती राहते अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला. नवरा दिगंबर चार वर्षांपूर्वी गेला, आणि त्याच्या ऑफिसचा विमाही त्याच्याबरोबर गेला. ती एका मोठ्या दुकानात बेकरीच्या काउंटरवर उभी असते, अर्धवेळ. अर्धवेळवाल्यांना विमा मिळत नाही. तिथल्या डेंटिस्टने चौतीस हजार डॉलर सांगितले होते. काउंटरवर तिच्या शेजारी उभी राहणारी बाई मूळची मेक्सिकोच्या सीमेजवळची. ती दर दोन वर्षांनी सीमा ओलांडून पलीकडच्या गावात दात करून येते. ती म्हणाली, तुझा देश तर आणखी स्वस्त असेल, तू का जात नाहीस? आत्याने महिनाभर इंटरनेटवर शोधलं. भोपाळ टाकल्यावर मिसरोदचं क्लिनिक आलं. दादाचं गाव, म्हणजे राहायचाही प्रश्न नाही.

'घरातली आहे म्हणूनच' हे मंजूषाला लागलं होतं. पण ते तिने तिथेच ठेवलं आणि विचारलं, "मंगळवारी मी बरोबर आले तर चालेल?"

"डॉक्टर म्हणून नको."

"भाची म्हणून येईन."

"मग ये."

मिसरोदचं क्लिनिक रस्त्यावरूनच काचेचं दिसत होतं. आत गारवा होता, कॉफीचं मशीन होतं, भिंतीवर आठ-दहा देशांचे छोटे झेंडे लावलेले होते. आत्या ते बघून खूश झाली. डॉक्टर तिशीतला, नम्र, कमी बोलणारा. त्याने एक्स-रे काढून घेतला आणि पडद्यावर दाखवत हिंदीत समजावलं. उद्या सकाळी बाराही दात एका बैठकीत काढायचे, त्याच वेळी हाडात स्क्रू बसवायचे, तिसऱ्या दिवशी त्यावर तात्पुरते दात. दहाव्या दिवशी आंटी मोकळ्या.

मंजूषा कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पडद्यावरचा एक्स-रे तिने एकदा पाहिला, मग पुन्हा पाहिला. बोलायचं नाही असं ठरलं होतं. तिने फक्त एक विचारलं.

"शुगर देखी है इनकी?"

"फॉर्म में तो आंटी ने लिखा है, डायबिटीज नहीं है."

"नाहीच आहे मला," आत्या मराठीत म्हणाली.

"शेवटची कधी तपासली होतीस?"

आत्याने आठवून पाहिलं. "दिगंबर होते तेव्हा. पाचेक वर्षं झाली असतील."

मंजूषाने पर्स खाली ठेवली आणि पडद्यावरच्या दोन सुळ्यांकडे बोट केलं. "डॉक्टर साहब, मैं भी डेंटिस्ट हूँ. नेहरू नगर में. एक बात पूछूँ? ये दोनों कॅनाइन तो मज़बूत हैं. इन्हें क्यों निकाल रहे हैं?"

तो चिडला नाही. पेन बंद करत म्हणाला, "मॅडम, आप सही कह रही हैं. बच सकते हैं. पर बचाने में महीने लगते हैं. मसूड़ों का इलाज, फिर रूट कॅनाल, फिर इंतज़ार. हमारे यहाँ लोग टिकट लेकर आते हैं. जिसके पास दस दिन हैं, उसका काम दस दिन में ही करना पड़ता है."

"समझती हूँ," मंजूषा म्हणाली. ते खरंच होतं. त्याने तिला फसवलं नव्हतं, आत्यालाही नाही. तिने दोन दिवसांची मुदत मागितली, आणि शुगरचा रिपोर्ट आल्याशिवाय तोही हात लावणार नाही असं त्याने स्वतःहून सांगितलं.

परतताना होशंगाबाद रोडवर गाडीला सिग्नल लागला तेव्हा आत्या म्हणाली, "तू कबूल केलं होतंस, डॉक्टर म्हणून येणार नाही."

"केलं होतं. मोडलं. शुगरचं ऐकल्यावर गप्प बसणं मला जमलं नसतं."

"तुला वाटतं मी मूर्ख आहे. इंटरनेटवर बघून दात काढायला निघालेय."

"मूर्ख नाहीस. चौतीस हजारांचा आकडा ऐकून कुणीही हेच केलं असतं. पण आत्या, एक्स-रेमध्ये मला बारा खराब दात दिसले नाहीत."

सिग्नल सुटला. आत्या पदराशी चाळा करत बसली. आज तिने मुद्दाम साडी नेसली होती. मग ती अगदी हळू बोलली, "मंजू, तू चार वर्षांची असताना मी तुझे दात घासून द्यायचे. तू थुंकायची नाहीस, गिळायचीस. तुला आठवत नसेल. आता तुझ्यासमोर तोंड उघडून झोपायचं, आणि त्यात हे असं सगळं... त्यापेक्षा अनोळखी माणूस बरा वाटला. त्याला काय, मी नाही तर दुसरी कुणी."

मंजूषाने गाडी चालवता चालवताच उत्तर दिलं. "मी रोज वीस तोंडं बघते. लाजण्यासारखं मला आजवर एकाही तोंडात दिसलं नाही. आजारी हिरड्या दिसतात, किडलेले दात दिसतात. त्यांचं काय करायचं ते मला येतं. तू फक्त बघू दे. नंतर मिसरोदला जायचं असेल तर मीच सोडेन."

दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असायचा. जिन्याचं कुलूप मंजूषाने स्वतः उघडलं. आधी तिने आत्याच्या बोटाला सुई टोचली आणि थेंब पट्टीवर घेतला. मशीनवर दोनशे सत्त्याऐंशी आलं. मंजूषाने तो आकडा आत्याला दाखवला.

"जेवून दोन तास झालेत ना?" आत्याने विचारलं.

"हो. तरीही एवढी नको. उद्या सकाळी नीट रक्त देऊ."

मग आत्या खुर्चीत आडवी झाली. दिवा लागला. मंजूषाने मास्क लावला आणि एक हातातला आरसा तिच्याकडे दिला.

"मला काय करायचाय?"

"धर. मी एकेका दाताला हात लावीन, तूही बघ."

आत्याने आरसा छातीवर पालथा ठेवला. घरीसुद्धा ती आरशासमोर तोंड बंद ठेवूनच केस विंचरायची, हे तिने नंतर सांगितलं. मंजूषा थांबली. घाई केली नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गॅसच्या टाक्या उतरवत होतं, त्यांचा आवाज येत होता. शेवटी आत्याने आरसा उचलला.

"हा पहिला. हलतोय बघ. याला हाड राहिलेलं नाही, हा जाणार. हा दुसरा. किडलाय, पण मूळ चांगलं आहे. रूट कॅनाल करू, राहील. हा सुळा. याला मी ठोकते, दुखतंय?"

"नाही."

"दुखणार नाही. हा अजून वीस वर्षं जाईल. पुढचे हे चार. हिरडी वर सरकलीय म्हणून लांब दिसतात. भयंकर दिसतात, पण घट्ट आहेत."

"हे चारच तर सगळ्यांना दिसतात."

"त्यांच्यावर टोप्या बसवू. कुणाला कळणार नाही."

असं करत त्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. जाणारे तीन निघाले. राहणारे नऊ. आत्याने आरसा पुन्हा तोंडासमोर आणला आणि आपणहून एकदा मोजलं, जिभेने चाचपत. "नऊ," ती म्हणाली. "आणि मी बारा काढायला निघाले होते."

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा नऊ पूर्णांक आठ होता; तो सातच्या आत आणायला हवा होता. फिजिशियनने गोळ्या सुरू केल्या, खाण्याचा कागद दिला आणि सांगितलं, साखर ताब्यात येईपर्यंत, म्हणजे निदान चार आठवडे, एकही दात काढायचा नाही. जखम भरणार नाही, हाडापर्यंत पू होऊ शकतो. आत्याचं परतीचं तिकीट तीन आठवड्यांनी होतं.

घरी चहा घेताना मंजूषाने दोन्ही रस्ते सांगितले. एक, चार आठवडे थांबून मिसरोदला तेच दहा दिवसांचं काम करून घ्यायचं. दुसरा, हिरड्यांचा इलाज आणि रूट कॅनाल आत्ता, तीन दात डिसेंबरमध्ये, तात्पुरती कवळी घालून परत जायचं आणि पुढच्या वर्षी दहा दिवसांसाठी येऊन टोप्या आणि पक्के ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारे कायमचे दात, बसवायचे. "दोन्हीकडे तिकीट बदलावं लागेल. माझ्याकडे दोन खेपा पडतील, पण दात तुझे राहतील. ठरव तू. तोंड तुझं आहे."

"तुझी फी?"

"जी सगळ्यांना, तीच तुला."

गोपीनाथराव कप ठेवून म्हणाले, "काय बोलतेस मंजू? आत्याकडून पैसे घेणार?"

"घेणार, बाबा. फुकट काम झालं की पेशंट गप्प बसतो. टोचलं तरी सांगत नाही, आवडलं नाही तरी सांगत नाही. मला आत्याने सांगायला हवंय."

"घेच तू," आत्या म्हणाली. "एक रुपया कमी केलास तर मी मिसरोदला जाईन." सुचेताताई हसल्या, आणि त्या हसल्यावर आत्याही हसली. हात वर गेला खरा, पण अर्ध्यावर थांबला.

राहिला प्रश्न नोकरीचा. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, आत्याने दुकानाच्या मॅनेजरला फोन लावला. बाकीचे तिघं मुद्दाम टीव्हीकडे तोंड करून बसले, आवाज बंद करून. आत्या इंग्रजीत बोलत होती. तिने आजार सांगितला, तारखा सांगितल्या, पाच जानेवारीपर्यंत येऊ शकत नाही असं सांगितलं. पलीकडून नाताळच्या गर्दीबद्दल काहीतरी बोललं जात होतं. आत्याने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"मी तिथे अकरा वर्षं उभी आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षांत सहा दिवस सुट्टी घेतली, त्यातले चार नवऱ्याच्या वेळी. माझी जागा मला जानेवारीत हवी आहे. देता येणार नसेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी दुसरीकडे अर्ज करीन."

पलीकडून उत्तर आलं. मग तिने आभार मानले आणि फोन ठेवला. "बिनपगारी रजा दिली," ती म्हणाली. "दादा, टीव्हीचा आवाज वाढव, कळतंय मला तुम्ही काय बघताय ते."

मिसरोदच्या क्लिनिकला तिने स्वतःच फोन केला. अॅडव्हान्समधले निम्मे पैसे त्यांनी आठवडाभरात परत पाठवले, निम्मे नियमाप्रमाणे कापले. तिने त्यावर वाद घातला नाही.

पुढचे आठवडे ठरल्यासारखे गेले. सकाळी बहीण-भाऊ पाऊण तास चालायला जायचे. कारखान्यातले जुने सहकारी भेटायचे, गोपीनाथराव ओळख करून द्यायचे. बिनसाखरेच्या चहाबद्दल आत्या रोज कुरकुर करायची आणि रोज तोच प्यायची. आठवड्यातून दोनदा ती नेहरू नगरला जायची. हिरड्यांखालची सफाई चार बैठकांत झाली, मग रूट कॅनालही झाला. पहिल्या बैठकीनंतर दोन दिवस रक्त येत होतं, तिसरीनंतर यायचं थांबलं. "तोंडाचा वास गेला," सुचेताताईंनी एकदा सहज सांगून टाकलं, आणि मग आपण काय बोललो म्हणून चपापल्या. "वहिनी, मलाही तेच वाटलं," आत्या म्हणाली.

सतरा डिसेंबरला उपाशीपोटीची साखर एकशे अठरा आली आणि त्याच दिवशी तीन दात काढायचे ठरले. पहिला दोन मिनिटांत हातात आला. दुसऱ्याचं मूळ आत तुटलं. आत्याला दुखत नव्हतं, पण तो कट्ट असा आवाज तिच्या डोक्यातून गेला आणि तिने खुर्चीचा हात घट्ट पकडला.

"काय झालं?"

"मूळ तुटलं. होतं असं. काढते मी, वीस मिनिटं लागतील. मध्ये दमलीस तर डावा हात वर कर."

चाळीस मिनिटं लागली. मंजूषाच्या कपाळावर घाम होता, आवाज तसाच होता. ती काय करते आहे ते प्रत्येक पायरीला सांगत गेली: आता थोडं हाड बाजूला करते, आता पाणी सोडते, आता दाब येईल. आत्याने हात एकदाही वर केला नाही. मूळ निघालं तेव्हा मंजूषाने ते कापसावर ठेवून तिला दाखवलं, आणि मग तिसऱ्याकडे वळली. रात्री जेवणाच्या जागी थंड लापशी होती. जखमा नवव्या दिवशी स्वच्छ भरलेल्या होत्या.

कवळी आली तेव्हा नवीनच अडचण उभी राहिली. आत्याला 'स' म्हणता येईना. सुचेता वहिनींची शुचेता झाली, साडेसातचे शाडेशात. मंजूषाने मोठ्याने वाचायला सांगितलं. मग रोज दुपारी आत्या गोपीनाथरावांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, अग्रलेखापासून निविदांच्या जाहिरातींपर्यंत. गोपीनाथराव डोळे मिटून ऐकायचे आणि चुकलं की बोट वर करायचे. चौथ्या दिवशी त्यांना बोट वर करायची गरज पडली नाही, आणि तेवढ्यात ते झोपलेही होते.

तीन जानेवारीला ती परत गेली. साखर मोजायचं मशीन बरोबर होतं. महिन्यातून एकदा ती आकडे पाठवायची, कवळीचा फोटोही पाठवायची. एप्रिलमध्ये कवळी एका बाजूने टोचायला लागली. तिने कळवलं, मंजूषाने कुठे किती घासायचं ते व्हिडिओवर दाखवलं, आणि आत्याने नखं घासायच्या कानशीने ते करून टाकलं.

पुढच्या सप्टेंबरला आत्या दहा दिवसांसाठी आली. तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक सात होती. मंजूषाने मापं घेतली, लॅबला पाठवली, आणि सहाव्या दिवशी टोप्या आणि ब्रिज बसवून बघितले. आत्याने आरसा मागून घेतला. बराच वेळ बघितलं, मान इकडे-तिकडे केली.

"पांढरे झालेत फार. मी बासष्टची आहे, हे पंचविशीचे वाटतात."

"बदलून आणू?"

"आण. थोडे चहा प्यायलेले हवेत."

लॅबवाला कुरकुरला, मंजूषाने ऐकलं नाही. आठव्या दिवशी दुसरा संच आला. तो बघून आत्या म्हणाली, "हां. हे माझे." मंजूषाने ते पक्के केले, चावून बघायला सांगितलं, दातांमध्ये निळा कागद धरून उंच लागणाऱ्या दोन जागा घासल्या. आत्या खुर्चीतून उठली ती सरळ बाहेरच्या खोलीत गेली. तिथे दाढ सुजलेली एक बाई गालाला रुमाल बांधून बसली होती, काळजीत. आत्या तिच्या शेजारी बसली आणि मंजूषाने आत बोलवेपर्यंत तिच्याशी आपल्या मोडक्या हिंदीत बोलत राहिली.

निघण्याच्या आदल्या दिवशी आत्याने एक मागणी केली. "सगळं इंग्रजीत लिहून दे. कोणता दात कधी केलास, आत काय घातलंस. तिथे काही झालं तर तिथल्या डॉक्टरला कळायला हवं. मी सांगेन की माझ्या भाचीने केलंय, पण तो काही ऐकून घ्यायचा नाही."

मंजूषाने दोन पानं टाइप केली, एक्स-रे जोडले, खाली सही-शिक्का केला. आत्याने पानं नीट वाचली, एका ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं ते दाखवलं, दुरुस्त करून घेतलं. मग विचारलं, "आता पुढचं कधी?"

"वर्षाने एकदा बघायला हवं."

"म्हणजे सप्टेंबर. वही काढ, लिही."

मंजूषाने वही काढली. पुढच्या सप्टेंबरची पानं त्यात नव्हती, म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं.

विमान सकाळचं होतं. गोपीनाथराव आणि सुचेताताई तिला सोडायला गेले. मंजूषाला नऊ वाजता एक रूट कॅनाल होता, ती जाऊ शकली नाही. साडेअकराला दिल्लीहून आत्याचा फोन आला. तिने विमानतळावर भाजलेलं कणीस घेतलं होतं, पुढच्या दातांनी खाल्लं होतं, साखर नंतर मोजणार होती. शेजारी बसलेल्या माणसाला दात दुखत होते, त्याला तिने मंजूषाचा नंबर दिला होता. तो लखनौचा होता, पण येईल म्हणत होता.

"बोर्डिंग सुरू झालं," आत्या म्हणाली. "ठेवते. तू जेवून घे."